नांदायला जाणे

लालबागच्या चाळीत वाढलेली माझी एक विद्यार्थिनी लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. नवऱ्याचे आईवडील आणि धाकटी बहीण तिथेच स्थायिक असल्यामुळे ती एकाच विमानाने दोन ठिकाणी पोहोचली, अमेरिकेत आणि सासरी. व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, गाडी चालवता येत नव्हती. पहिल्या हिवाळ्यात तिची एक लांबलचक मेल आली. तिच्यात तक्रार अशी नव्हती, दिवसाचा हिशेब होता. मोहरी कुठे ठेवली आहे हे तिसऱ्यांदा विचारायला संकोच वाटतो. भांडी घासायच्या यंत्रात ताटे कोणत्या बाजूने लावायची याचीही त्या घरात एक रीत आहे. सासूबाई प्रेमळ आहेत, पण आईशी फोनवर बोलताना आवाज आपोआप खाली येतो. शेवटी एक प्रश्न होता : 'सर, एम.ए.ला आपण स्त्रियांची इतकी आत्मचरित्रे वाचली. त्यांतल्या कुणी नव्याने सासरी गेल्यावर, त्याच दिवसांत, काही लिहून ठेवले आहे का?'

प्रश्न साधा वाटला, म्हणून लगेच उत्तर लिहायला बसलो. नावे पुष्कळ आठवली, पण एकही नाव त्या प्रश्नाच्या चौकटीत बसेना. ते का बसत नाही, याचा शोध म्हणजे प्रस्तुत लेख.

प्रारंभ आपल्या भाषेतल्या एका क्रियापदापासून करू. मुलगी सासरी 'नांदायला' जाते. 'नांदणे' म्हणजे नुसते राहणे नव्हे. घरात सुख नांदते, राज्यात शांती नांदते. या क्रियापदात राहणे आणि भरभराटीने राहणे हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत. नवदांपत्याला आशीर्वाद देताना दोघांनाही 'नांदा' म्हणतात. मात्र संसार मोडू लागला की 'ती नांदत नाही' असेच म्हटले जाते. 'तो नांदत नाही' असे सहसा कुणी म्हणत नाही. या क्रियापदातला सुखाचा अर्थ गाळून केवळ राहण्याचा अर्थ तेवढा उरला, तर काय होते? हा प्रश्न १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात उभा राहिला.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजींशी झाले. लग्नानंतर त्या आपली आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याच घरी राहिल्या. दादाजी आपल्या मामाच्या आश्रयाला होते. दोन्ही घरे मुंबईतलीच. मध्ये ना समुद्र, ना घाट. तरीही ते अंतर ओलांडायला रखमाबाईंनी नकार दिला, आणि १८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी दावा लावला. रखमाबाईंची कारणे लक्षात घेण्यासारखी आहेत. पती पोसण्यास असमर्थ आहे आणि त्याची प्रकृती बरी नाही, ही दोन कारणे झाली. तिसरे कारण असे की, ज्या मामाच्या आश्रयाने तो राहतो त्याचे चारित्र्य असे नाही की त्या घरात जाऊन राहावे. विवाहाचा प्रश्न केवळ नवऱ्याचा नसून घराचाही असतो, ही गोष्ट येथे न्यायालयाच्या कागदावर आली.

'पुनःस्थापना' या शब्दातच एक अडचण होती. जे कधी स्थापनच झाले नाही, ते पुन्हा कसे स्थापायचे? २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी याच मुद्द्यावर दावा फेटाळला. हा कायदा इंग्लंडच्या धर्मपीठीय न्यायालयांतून आलेला होता. एकदा एकत्र राहून मग विभक्त झालेल्या जोडप्यांसाठी तो होता. अपिलात हा निर्णय टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा आदेश दिला. आदेश मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होता. रखमाबाईंनी तुरुंग पसंत केला. ज्या इंग्लंडमधून हा कायदा आला, तिथे अशा प्रकरणांतली तुरुंगाची शिक्षा १८८४ सालीच रद्द झालेली होती. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. दुसऱ्या वर्षी रखमाबाई वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या. सासर त्यांना जितके परके वाटले, तितके लंडन वाटले नसावे.

खटला चालू असतानाच, १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने दोन पत्रे प्रसिद्ध झाली. ती रखमाबाईंची होती. बालविवाहाने मुलीचे शिक्षण कसे थांबते आणि सासूच्या सत्तेखाली तिचे आयुष्य कसे आक्रसते, हे पहिल्या पत्रात आहे. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवायला हवी : सासरच्या जीवनावरचा हा लेख माहेरी बसून, इंग्रजीत आणि नाव लपवून लिहिलेला आहे. ती सासरी गेली असती तर हे पत्र लिहिले गेले असते काय?

याच सुमारास दुसरी एक तरुणी खरोखरीच समुद्रापलीकडे होती. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. न्यू जर्सीतील रोझेल या गावी कार्पेंटर कुटुंबात त्या राहिल्या. श्रीमती कार्पेंटरना त्या मावशी मानत. त्यांच्या स्वयंपाकघरात आनंदीबाईंनी आपल्याकडचे पदार्थ रांधले. पुढे थंडीमुळे नऊवारी सोडून गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. खाणे, नेसणे, बोलणे, प्रत्येक बाबतीत नव्या घराशी तडजोड करीत त्यांना राहावे लागले. म्हणजे नवी सून जे करते तेच. मुंबईत शाळेला पायी जाताना भोवती जमणाऱ्या आणि टिंगल करणाऱ्या लोकांविषयी त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भाषणात सांगितले होते. स्वदेशातल्या रस्त्यावर परकेपण आणि परदेशातल्या घरात मावशी, असा हा उलटा हिशेब आहे.

आणि तिथूनच, अमेरिकेतूनच, त्यांनी गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात आपल्या लहानपणी त्यांनी केलेल्या मारहाणीची आठवण करून दिली आहे. शिक्षणासाठी आपले उपकार मानणारी हीच पत्नी आहे, आणि उपकार व मार ही दोन्ही ती एकाच श्वासात मांडते. शेजारच्या खोलीत बसून हे तिला म्हणता आले नसते. मध्ये एक महासागर असावा लागला.

तिसरे नाव रमाबाई रानड्यांचे. १८७३ च्या डिसेंबरात, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या पुण्यात रानड्यांच्या घरी आल्या. अक्षरओळख सासरीच झाली. पती शिकवत होता आणि घरातील वडीलधाऱ्या बायका त्याच शिकण्यावर रुष्ट होत्या. इंग्रजी शिकवायला मिशनरी बाई येत. त्यांचा विटाळ मानला जाई आणि आंघोळीवाचून सुनेला घरकामाला हात लावता येत नसे. नवऱ्याच्या खोलीत ती विद्यार्थिनी आणि स्वयंपाकघरात धाकटी सून. त्यातही उलट उत्तर करायचे नाही, अशी पतीचीच शिकवण. नव्या सुनेच्या दिवसाचे इतके बारकाईचे चित्र देणारे पुस्तक म्हणून 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी'चे मोल मोठे आहे. पण ते प्रसिद्ध झाले १९१० मध्ये, रानड्यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी. अकरा वर्षांच्या मुलीचे दिवस तिच्या मागे राहिलेल्या विधवेने लिहिले; त्यामुळे त्या दिवसांतला सल आठवणीच्या आदराखाली बराचसा मऊ झालेला आहे.

चौथे उदाहरण कल्पित आहे, तरी टाळता येत नाही. ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या १८९० पासून 'करमणूक'मधून प्रसिद्ध होऊ लागलेल्या कादंबरीत यमू आपली हकिकत स्वतः सांगते. पुण्याचे एकत्र कुटुंबातले सासर आणि मुंबईचे दोघांचे बिऱ्हाड यांतला फरक त्या कादंबरीचे मर्म आहे. मुंबईत नवरा-बायको एकमेकांशी दिवसाउजेडी बोलू शकतात, वाचू शकतात. त्या काळच्या पुण्याच्या सुनेला मुंबई हाही एक परदेशच होता, पण सासरपासून दूर नेणारा. यमूसुद्धा लिहिते ती वैधव्यात. आणि तिच्या हातात लेखणी देणारा पुरुष आहे.

आता ही चारही उदाहरणे एकत्र पाहावीत. एकीने सासरी न जाता लिहिले, दुसरीने सातासमुद्रापलीकडून, तिसरीने वैधव्यानंतर, आणि चौथीसाठी दुसऱ्यानेच लिहिले. ज्या घरात नांदायचे त्या घरातून, नांदण्याच्या त्या पहिल्या दिवसांत लिहिलेले एकही पान या चौघींत नाही. आपण स्त्रियांच्या आत्मचरित्रांतून सासरचा इतिहास वाचतो, तेव्हा तो दूरवरून लिहिलेला इतिहास आहे, ही जाणीव वर्गात क्वचितच करून दिली जाते. अंतराने लेखनाला धीर मिळतो हे खरे, पण मोहरीचा डबा विसरला जातो.

ज्यांनी लिहिलेच नाही त्यांचे काय? परळ-लालबागच्या गिरण्यांत काम करणाऱ्या नवऱ्यामागून कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या नव्या नवरीला मुंबई हा परमुलूखच होता. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतल्या खोल्या सुमारे १६० चौरस फुटांच्या. त्यात नवऱ्याची भावंडे आणि कधी गावाकडची माणसेही. गावी निदान जाते होते आणि जात्यावर सासूविषयी, माहेराविषयी ओवीतून बोलायची मुभा होती. शहरात पीठ गिरणीवरून दळून येऊ लागले आणि ती पहाटेची हक्काची जागा गेली. माझ्या विद्यार्थिनीची आजी अशीच एक नवरी होती. तिच्या पहिल्या वर्षाविषयी घरात कुणालाच काही ठाऊक नाही.

रखमाबाई लंडनहून परतल्या, सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केली. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे स्वीकारले असे सांगतात. कायद्याने त्यांना बांधता आले नाही, तरी रूढीचा एक धागा त्यांनी स्वतःच राखला. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या निवर्तल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता आणि त्याच्या कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना कायम होती, पती आणि पत्नी दोघांसाठीही. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले, तर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध. कायद्याला राहण्याचा पत्ता कळतो. तिथला दिवस कसा जातो हे त्याला कुणी तरी सांगावे लागते.

विद्यार्थिनीला मी उत्तर लिहिले : 'माझ्या वाचनात तरी नाही. तुझी मेल मी जपून ठेवली आहे. तूही ठेव, आणि पुढचीही लिही. घरात कुणी वाचू नये असे वाटत असेल तर तसे ठेव, पण लिही.' आठ दिवसांनी तिचे उत्तर आले. फार लांब नव्हते. मोहरी सापडली होती. सासूबाई ती हळदीच्या मागे ठेवतात. आणि शिकाऊ वाहन परवान्यासाठी तिने अर्ज केला होता.