किल्ली नसलेलं कपाट

गोष्ट २०१२ सालची. लेक तेव्हा हाँगकाँगला होती आणि मी आणि सौ. महिनाभर तिच्याकडे राहायला गेलो होतो. तिथे हॉलिवूड रोड नावाचा एक रस्ता आहे. नावावरून मला वाटलं सिनेमावाल्यांचा असेल, पण निघाला जुन्या वस्तूंच्या दुकानांचा! लेकीला घरासाठी जुनं चिनी कपाट घ्यायचं होतं. "बाबा, तुम्ही इतिहासाचे मास्तर, तुम्ही चला," म्हणाली. आता चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला हे खरं, पण चीन म्हणजे आमच्या पुस्तकात भिंत, कागद आणि ह्युएन त्संग. कपाटाबद्दल एक ओळ नव्हती. तरी गेलो.

तिला आवडलेलं कपाट लाल रंगाचं, पुरुषभर उंच, दोन दारांचं. मधोमध पितळेची गोल तबकडी, अर्धी या दाराला, अर्धी त्या दाराला. दुकानदार म्हणाला, "शान्शी प्रांतातलं आहे, दोनशे वर्षांचं. लग्नाचं कपाट." मी विचारलं, "कोणाच्या घरातलं?" तो नुसता हसला.

त्या प्रश्नाने पुढे मला बरंच वाचायला लावलं. ते थोडक्यात सांगतो.

चिनी लाकूडकामाचं वैभव मानलं जातं ते मिंग काळातलं (१३६८ ते १६४४). १५६७ साली लुंगचिंग बादशहाने समुद्री व्यापारावरची बंदी सैल केली आणि दक्षिणेकडच्या देशांतून उत्तम कठीण लाकूड येऊ लागलं. पिवळसर ह्वांगह्वाली आणि काळसर जांभळं त्सतान ही त्यातली मानाची लाकडं. हे त्सतान म्हणजे आपलं रक्तचंदन, आंध्रातल्या तिरुपतीकडच्या डोंगरांतलं. पेकिंगच्या राजवाड्यातल्या आसनांसाठी ते वापरलं जाई. आजही या झाडांची चोरटी तोड होते आणि त्यातला बराच माल चीनकडेच जातो. म्हणजे कपाट चिनी असलं तरी त्याच्या लाकडाचा पत्ता आपल्या शेजारचा असू शकतो!

त्यांच्या सुतारांची हातोटी सांध्यांत. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात नेमकं बसेल असं कुसू. खिळ्यांवर भिस्त नाही. दाराची फळी चौकटीच्या खोबणीत मोकळी बसवतात, म्हणजे पावसाळ्यात फुगली, हिवाळ्यात आकसली, तरी तडकत नाही. काही कपाटांना बिजागऱ्याही नसतात. आपल्या वाड्यांचे दिंडीदरवाजे जसे खालीवरच्या खुंट्यांवर फिरत, तशीच त्यांची दारं फिरतात.

पण बाजारात येतं ते राजवाड्यातलं नसतं. बहुतेक कपाटं एकोणिसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची, खेड्यापाड्यांतल्या खात्यापित्या घरांची, साध्या एल्म नाहीतर पाइनच्या लाकडाची. मुलीला लग्नात कपाटं-पेट्या देण्याची रीत तिथे होतीच, पण म्हणून प्रत्येक लाल कपाट रुखवतातलं नव्हे. घेताना पाठ बघावी, पायांचे तळ बघावेत, खण उपसून आतून हात फिरवावा. दर्शनी भाग कोणीही चकचकीत करतो. खोटं पाठीमागे पकडलं जातं. जुन्या फळ्या जोडून नवं कपाट केलेलं असतं ते तिथेच कळतं. आणि खरोखर दोनशे वर्षांचं असेल तर दुसराच प्रश्न. १९११ पूर्वीच्या वस्तू देशाबाहेर न्यायला चीनने २००७ च्या नियमांनी मनाई केली आहे. मग हे आलं कधी आणि कसं, तेही विचारावं.

या सगळ्यात एक माणूस मला फार भावला. वांग शिश्यांग (१९१४ ते २००९). पेकिंगचे हे विद्वान सायकलवर फिरून मोडकी आसनं, कपाटं गोळा करायचे. १९५७ साली त्यांच्यावर उजव्या विचारांचे म्हणून शिक्का बसला. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत जुनं ते सगळं गुन्हा ठरलं. किती घरांतलं सामान फुटलं, जळलं. त्यांचा संग्रहही नेला गेला, पण पुढे परत मिळाला. १९७६ च्या तांगशानच्या भूकंपानंतर ते रात्री म्हणे एका मोठ्या कपाटातच झोपत. १९८५ साली मिंग फर्निचरवरचं त्यांचं पुस्तक आलं आणि जगभर मागणी वाढली. खेड्यांतून कपाटं निघाली आणि हाँगकाँगच्या दुकानांत आली. त्यांच्या स्वतःच्या ७९ वस्तू आज शांघायच्या संग्रहालयात आहेत.

आता घरातलं सांगतो. नातेवाईक वाचतीलच, पण आता लपवण्यासारखं काय राहिलं?

वडील गेल्यावर १९८४ साली आमचा वाडा विकला. माजघरात आजीचं शिसवी कपाट होतं. "दोन खोल्यांच्या जागेत एवढं धूड ठेवणार कुठे?" हे वाक्य माझं. भावांनी मान डोलावली. जुन्या सामानाचा व्यापारी टेंपो घेऊन आला, आम्ही भाव केला, नोटा मोजल्या. आई काही बोलली नाही. रात्री कळलं की किल्ली तिने दिलीच नव्हती, कनवटीला तशीच होती. ती गेल्यावर माझ्याकडे आली. अजून टेबलाच्या खणात आहे.

हाँगकाँगच्या त्या कपाटाला किल्ली नव्हती. दुकानदार नवं कुलूप देतो म्हणाला. दार उघडलं तर आत एका फळीवर कोणीतरी टोकदार कशाने तरी रेघा मारलेल्या. चार, पाच, मग जरा जागा सोडून तीन. काय मोजलं असेल? पोती? दिवस? मला काही कळलं नाही, पण एवढं खरं की तिथेही कोणीतरी म्हणालं असणार, एवढं धूड ठेवणार कुठे.

"नको घेऊ का?" लेकीने विचारलं. माझा चेहरा तिने वाचला होता. मी म्हटलं, "घे. आपण न घेतल्याने ते परत घरी जाणार नाही. पण रेघा घासून काढू देऊ नकोस."

तिने घेतलं. मी एका कागदावर मराठीत लिहिलं: कुठे घेतलं, कोणत्या साली, किती पैसे दिले, दुकानदार काय म्हणाला आणि त्यातलं किती खात्रीचं नाही. कागद पाठीमागे चिकटवला. जावई हसले. हसू देत. आमच्या शिसवी कपाटामागे मी एक चिठ्ठी चिकटवली असती, तर आज ते ज्यांच्या घरी आहे त्यांना निदान आजीचं नाव तरी कळलं असतं.

तुमच्या घरी जुनं काही असेल तर एवढं नक्की करा. विका, ठेवा, वाटून घ्या, पण मागे चार ओळी लिहून ठेवा.