मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह संमिश्रे आणि आधारद्रव्याची ताठरता : एक ऐतिहासिक आढावा

वसईच्या किल्ल्याची तटबंदी पाहणाऱ्याचे लक्ष दगडाकडे जाते, दगडांमधील चुन्याकडे सहसा जात नाही. वास्तविक दगडापेक्षा मऊ असलेला चुनाच एका दगडावरील भार दुसऱ्यावर पोहोचवतो. चुंबकीय क्षेत्रात लांबी बदलणाऱ्या, म्हणजेच मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह, संमिश्र पदार्थांच्या इतिहासातही असेच घडले. क्रियाशील धातूचे कौतुक आधी झाले. त्याला धरून ठेवणाऱ्या आधारद्रव्याचा विचार फार उशिरा झाला. या विलंबाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लोखंडाची कांब चुंबकित केली असता ती किंचित लांबते, असे जेम्स प्रेस्कॉट जूल याने १८४२ मध्ये दाखवले. ही वाढ लांबीच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या ध्वनियंत्रांत निकेल वापरले गेले; निकेल मात्र चुंबकित होताना आखडते. खरी झेप १९७० च्या दशकात घेतली गेली. अमेरिकेच्या नौदल ऑर्डनन्स प्रयोगशाळेत आर्थर क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी टर्बियम, डिस्प्रोशियम व लोह यांचे संयुग विकसित केले आणि सामान्य तापमानालाही दशलक्षात हजाराहून अधिक भागांची विकृती मिळवली. 'टर्फेनॉल-डी' या नावात टर्बियम, लोह, प्रयोगशाळेची आद्याक्षरे व डिस्प्रोशियम असे सारेच सामावले आहे.

हा पदार्थ ठिसूळ आहे. ताण दिल्यास तो सहज तडकतो आणि वारंवारता काही किलोहर्ट्झच्या पुढे गेली की त्यात भोवरा-प्रवाह निर्माण होऊन ऊर्जा उष्णतेत वाया जाते. यावरील उपाय म्हणजे त्याची भुकटी करून ती विद्युत्-निरोधक इपॉक्सी रेझीनमध्ये बांधणे. सँडलुंड, क्लार्क आदींनी १९९४ मध्ये अशा संमिश्रांची विकृती व स्थितिस्थापकता मोजून प्रसिद्ध केली. भोवरा-प्रवाहाचा प्रश्न बराचसा सुटला, पण कणाची हालचाल आता रेझीनच्या मर्जीवर अवलंबून राहिली.

ढोबळ हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येतो. टर्फेनॉल-डीचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे ३० गिगापास्कल (तो क्षेत्रानुसार बदलतो) व इपॉक्सीचा सुमारे ३ धरला आणि दोन्ही निम्मे-निम्मे, अखंड समांतर तंतूंच्या रूपात असले, तर मुक्त विकृतीच्या सुमारे ९१ टक्के विकृती संमिश्रात उतरते. इपॉक्सीऐवजी २०० गिगापास्कलचे पोलाद घेतल्यास ती जेमतेम १३ टक्के राहते. यावरून आधारद्रव्य जितके मऊ तितके उत्तम, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो फसवा आहे. कण सुटे असतील तर एका कणाचा जोर दुसऱ्यापर्यंत जाण्यासाठी मधल्या रेझीनखेरीज मार्ग नसतो आणि मऊ रेझीन स्वतःच दबून तो जोर गिळून टाकते. विकृती दिसते, पण काम होत नाही.

रेझीनचा आणखी एक उपयोग आहे. टर्फेनॉल-डी दाबाखाली असताना अधिक चांगला प्रतिसाद देतो. घट्ट होताना आकसणारे रेझीन हा दाब आपोआप पुरवते. फार मऊ रेझीनला ते जमत नाही. डुएनास व कारमन यांनी २००० मध्ये टर्फेनॉल-डी व रेझीनच्या संमिश्रांतही मोठी विकृती मिळू शकते, हे दाखवून दिले. रेझीन ओले असताना चुंबकीय क्षेत्र लावले की कण साखळीने उभे राहतात आणि जोर धातूमधूनच पुढे सरकू लागतो. सिलिकोन रबरात लोखंडाचे कण मिसळलेल्या अतिमऊ पदार्थांची गोष्ट मात्र वेगळी मानली पाहिजे. त्यांचा आकार प्रामुख्याने कणांच्या परस्पर आकर्षणामुळे बदलतो. कण स्वतः फारसे लांबत नाहीत.

महाराष्ट्रात या विषयाची निकटची शाखा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रुजली. तेथील भौतिकशास्त्र विभागात फेराइट व फेरोइलेक्ट्रिक पदार्थांच्या मॅग्नेटोइलेक्ट्रिक संमिश्रांवर दीर्घकाळ संशोधन झाले. या संमिश्रांत चुंबकीय क्षेत्राने फेराइट आकार बदलते आणि शेजारच्या फेरोइलेक्ट्रिकला ताणून विद्युत्-दाब निर्माण करते. येथे ताठरतेचा हिशेब उलटा होतो. फेराइटला केवळ बांधून ठेवणे हे शेजाऱ्याचे काम नसून त्याने विकृती स्वतःवर घेणे अपेक्षित असते. म्हणूनच भट्टीतून निघालेल्या नमुन्यात कणांच्या सीमेवर राहिलेली छिद्रे किंवा दोन थर जोडणारा मऊ गोंद विकृतीचा बराच भाग मधल्या मध्ये शोषून घेतो.