ससा सारखा शिंकतोय? घरातले उरलेले अँटिबायोटिक पाजू नका. सर्दीआधी औषधच जीव घेईल

नाशिक : पोरांच्या हट्टापायी घरात आणलेला पांढरा ससा काही महिन्यांनी शिंकायला लागतो. आधी नाकातून पाणी येते, मग पांढरा घट्ट शेंबूड. 'सर्दी आहे, जाईल आपोआप' म्हणून घरचे थांबतात. मग कुणीतरी कपाटातली मुलांच्या औषधाची उरलेली बाटली काढतो आणि सशाला चमचाभर पाजतो. इथेच घात होतो. माणसाला आणि कुत्र्याला चालणारी काही अँटिबायोटिक सशाच्या पोटात गेली, तर थोड्याच दिवसांत ससा दगावू शकतो. योग्य औषध, पुरेसे दिवस आणि स्वच्छ हवा मिळाली, तर हाच ससा पुढे वर्षानुवर्षे जगतो.

ही सर्दी कशाची?

सशाला माणसासारखी चार दिवसांची सर्दी सहसा होत नाही. नाक वाहत राहिले, तर बहुतेक वेळा जिवाणूंचा संसर्ग असतो. त्यात 'पाश्चुरेला मल्टोसिडा' हा जिवाणू जास्त आढळतो. त्याचे नाव नवे वाटले तरी शेतकऱ्याची त्याच्याशी ओळख जुनी आहे. पावसाळ्याआधी गायी-म्हशींना ज्या घटसर्पाची लस टोचतात, तो घटसर्प याच जिवाणूच्या दुसऱ्या प्रकारामुळे होतो. मात्र जनावरांची ती लस सशाच्या सर्दीवर उपाय नाही. उरली म्हणून ती सशाला टोचू नये.

बोर्डेटेला, स्टॅफिलोकोकस, स्युडोमोनास हे जिवाणूही असाच त्रास देतात. बाहेरून सगळ्यांची लक्षणे सारखीच दिसतात, पण सगळ्यांवर एकच औषध चालत नाही.

ही लक्षणे ओळखा :

- वारंवार शिंका, नाकातून पांढरा किंवा पिवळसर शेंबूड
- पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस ओले, चिकट, गुठळ्या झालेले (ससा नाक पायाने पुसतो, त्यामुळे नाक कोरडे दिसले तरी पाय तपासावेत)
- डोळ्यांतून पाणी, डोळ्याखालचे केस गळणे
- श्वास घेताना घरघर
- मान एका बाजूला कलणे (संसर्ग कानात उतरल्याची खूण)
- खाणे कमी होणे, लेंड्या बारीक किंवा कमी पडणे

ससा नाकानेच श्वास घेतो. तो तोंड उघडून श्वास घेऊ लागला, तर जीव धोक्यात आहे असे समजावे.

कोणते औषध घातक?

सशाचे पोट गवतावर चालते. त्याच्या मोठ्या आंधळ्या आतड्यात कोट्यवधी चांगले जिवाणू असतात, तेच गवत पचवतात. काही अँटिबायोटिक तोंडाने दिली की हे चांगले जिवाणू मरतात आणि त्यांच्या जागी विष तयार करणारे जिवाणू वाढतात. मग हगवण लागते, पोट फुगते, ससा थंड पडतो. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले बाहेर काढायचा मार्ग उरत नाही.

सशाला तोंडाने कधीही देऊ नयेत अशी औषधे :

- अमॉक्सिसिलीन (क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड मिसळलेले सुद्धा)
- अँपिसिलीन आणि पेनिसिलीन
- सेफॅलेक्सिन, सेफिक्झिमसारखी 'सेफ'ने सुरू होणारी औषधे
- क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन

लहान मुलांच्या गोड सिरपमध्ये बऱ्याचदा अमॉक्सिसिलीन किंवा सेफिक्झिमच असते. बाटलीवरचे नाव वाचले तरी निम्मा धोका टळतो.

यातले पेनिसिलीन डॉक्टर सशाला कधी कधी कातडीखाली इंजेक्शनने देतात, आणि ते चालते. तेच तोंडाने दिले तर मारक ठरते. त्यामुळे 'डॉक्टरांनी टोचले होते, आता गोळी देऊ' हा हिशेब चुकीचा आहे.

मग डॉक्टर काय देतात?

एन्रोफ्लॉक्सासिन आणि सल्फा-ट्रायमेथोप्रिम ही औषधे सशाला तोंडाने देता येतात. अनेकदा सुरुवात यांनीच होते. गरजेप्रमाणे डॉक्टर दुसरे औषध निवडतात. डोस सशाच्या वजनावर ठरतो. दीड किलोच्या आणि चार किलोच्या सशाचा डोस एक नसतो. दवाखान्यात जाण्याआधी किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करून घेतले, तरी काम सोपे होते.

गोठ्यात गायीसाठी आणलेले एन्रोफ्लॉक्सासिनचे इंजेक्शन असेल, तर ते स्वतः टोचू नये. ते सशासाठी फार तीव्र असते. डोस चुकतो आणि टोचलेल्या जागचे मांस सडू शकते. कोंबड्यांचे औषध पाण्यात टाकून देणेही बरे नव्हे. आजारी ससा पाणी कमी पितो, मग औषध किती पोटात गेले ते कळत नाही.

स्टेरॉइडपासूनही जपावे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन असलेली औषधे, अगदी डोळ्याचे थेंबसुद्धा, सशाची प्रतिकारशक्ती पाडतात आणि दबलेला संसर्ग उसळतो.

बरा होऊन पुन्हा का शिंकतो?

पाच दिवस औषध दिले, शिंका थांबल्या, औषध बंद केले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. याची कारणे ठरलेली आहेत.

पहिले, औषधाचे दिवस कमी पडतात. नाकाच्या आतल्या वळणदार सांदीत घट्ट पू साचतो, तिथे औषध सहज पोचत नाही. उपचार साधारण किमान दोन आठवडे चालतात. जुन्या दुखण्यात ते दीड-दोन महिनेही लांबतात. शिंका थांबल्या म्हणून मध्येच बंद केले, तर चिवट जिवाणू तेवढे उरतात आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही.

दुसरे, औषध चुकीचे असते. आठवडाभरात फरक नसेल तर डॉक्टरांना सांगावे आणि नाकातल्या स्रावाची 'कल्चर-सेन्सिटिव्हिटी' तपासणी होते का ते विचारावे. या तपासणीत जिवाणू कोणता आणि त्याच्यावर कोणते औषध चालते ते कळते. नमुना औषध सुरू करण्याआधी घेतलेला चांगला. औषध बदलत बदलत पैसे घालवण्यापेक्षा ही तपासणी परवडते.

तिसरे, मूळ दुखणे दातात असते. सशाचे दात जन्मभर वाढतात. वरच्या दातांची मुळे अश्रूनळीला आणि नाकाला लागून असतात. एकाच डोळ्यातून पाणी आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून शेंबूड येत असेल, तर दातांची तपासणी आणि एक्स-रे करून घ्यावा.

सगळे करूनही काही सशांच्या नाकातून जिवाणू पूर्ण जात नाही. तो दबून राहतो आणि थंडी, ऊन, प्रवास, उपासमार अशा ताणात डोके वर काढतो. असा ससाही नीट सांभाळला तर चांगला जगतो, पण त्याला दुसऱ्या सशांपासून वेगळे ठेवावे.

औषध पाजायचे कसे?

- सशाला टॉवेलात गुंडाळून मांडीवर किंवा जमिनीवर बसवावे. उताणा करू नये, कान धरून उचलू नये.
- सुई काढलेली १ मिलीची सिरिंज पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूने सरकवावी.
- थेंब थेंब पाजावे. घाईने ओतले तर औषध फुप्फुसात जाते.
- रोजची वेळ ठरवून कॅलेंडरवर खूण करावी.
- आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवावे.
- नाक कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसावे. बाम, कापूर, निलगिरी लावू नये.

औषध चालू असताना गवत हेच मुख्य खाणे. हरळी, वाळलेले गवत भरपूर द्यावे. लसूणघास मोठ्या सशाला थोडाच. कांदा, कांद्याची पात आणि लसूण सशाला विषारी आहेत. फवारणी झालेल्या द्राक्षबागेतला पाला किंवा बांधावरचे गवतही देऊ नये.

हवा सुधारल्याशिवाय औषध टिकत नाही

सशाच्या मुतातून अमोनिया सुटतो. त्याने नाकाचे आतले अस्तर खराब होते आणि जिवाणूला वाट मिळते. पिंजऱ्याच्या उंचीवर तोंड नेऊन श्वास घ्यावा. आपल्या नाकाला झोंबले, तर सशाला ते दिवसरात्र झोंबतेय. पिंजरा रोज झाडावा, मुतलेली जागा धुऊन कोरडी करावी.

जिल्ह्यात जागेप्रमाणे धोका बदलतो. निफाड पट्ट्यात कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्यांचा धूर आणि गंधकाची भुकटी पिंजऱ्याकडे येऊ देऊ नये. इगतपुरी-त्र्यंबकला पावसाळ्याची ओल, म्हणून पिंजरा जमिनीपासून उंच हवा. मालेगाव-येवल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि सशाला तिशीच्या पुढेच त्रास होऊ लागतो. सावली आणि ओले गोणपाट बाजूला लावावे, पण हवा कोंडू नये. कांदा चाळीत, चुलीजवळ किंवा मच्छर अगरबत्तीच्या खोलीत ससा ठेवू नये. भाताचे तूस धुळीचे असते, ते अंथरू नये.

कुठे जायचे?

आधी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. एक्स-रे किंवा पुढच्या तपासणीची गरज पडली, तर जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय किंवा नाशिक शहरातले पाळीव प्राण्यांचे डॉक्टर हा मार्ग आहे. सशावर उपचार करता का, हे आधी फोनवर विचारावे. आधी दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या सोबत न्याव्यात आणि काही चुकीचे पाजले असेल तर ते लपवू नये.

थांबू नये अशा वेळा : तोंडाने श्वास, ओठ निळसर, मान वर ताणून बसणे, औषधानंतर हगवण, किंवा बारा तास काहीच न खाणे. यात सकाळची वाट पाहू नये. हवा खेळती राहील अशा खोक्यात घालून, उन्हापासून जपून न्यावे.

शेतात सापडलेले पिल्लू वेगळे

शेतात, माळावर दिसणारा तपकिरी ससा हा रानससा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो पाळता येत नाही. त्याचे पिल्लू एकटे दिसले तरी आई बहुतेक वेळा आसपास असते, म्हणून त्याला हात लावू नये. जखमी असेल तर वन विभागाला कळवावे.