झोपेची वेळ: २१:००

मागच्या वर्षी काही महिने माझी सकाळ साडेसहाला फोननेच व्हायची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात. आणि आमच्या क्लायंटच्या नर्सिंग होम्समध्ये नेमकी तेव्हाच झोपण्यापूर्वीच्या गोळ्यांची फेरी चालू असते. सिस्टिम अडकली तर ती तेव्हाच अडकणार! (तिकडचं नर्सिंग होम म्हणजे आपल्यासारखं छोटं खासगी हॉस्पिटल नव्हे. ज्यांना घरी सांभाळणं शक्य नाही असे वृद्ध तिथे कायमचे राहतात.)

सॉफ्टवेअर तसं साधं. कुणाला कुठली गोळी किती वाजता द्यायची याची यादी नर्सला स्क्रीनवर दिसते, दिली की तिने टिक करायचं. ठरल्या वेळेवर एक तास उलटला की चौकोन लाल. डॉक्टरने 'एच. एस.' लिहिलं की आमच्या कोडमध्ये त्याचा अर्थ २१:००. एका ओळीचा कॉन्स्टंट. मी तो कधी नीट पाहिलाही नव्हता.

एका सकाळी फोनवरच्या नर्सबाई म्हणाल्या, "चौकोन लाल झालाय. पण त्या साडेसातलाच झोपल्यात. वय ९१. गोळी कोलेस्टेरॉलची आहे. उठवू का?"

मी म्हणालो, "तुमच्या पॉलिसीप्रमाणे करा." दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला, चहा केला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. हे नऊ आले कुठून? मग दोन-तीन वीकांत त्यातच गेले.

एच. एस. म्हणजे लॅटिनमधलं 'होरा सोम्नी', झोपेची घटका. थोडं अवांतर: यातला 'होरा' हा आपल्या पंचांगातल्या होऱ्याचा भाऊच. वराहमिहिराने तो 'अहोरात्र' शब्दाची पहिली आणि शेवटची अक्षरं गाळून तयार झाला असं सांगितलंय, पण अभ्यासक तो ग्रीकमधून आला असं मानतात. असो. मुद्दा असा की जुन्या चिठ्ठीतल्या या खुणांत घड्याळ नाही. ए. सी. म्हणजे जेवणाआधी, पी. सी. म्हणजे जेवणानंतर, एच. एस. म्हणजे झोपताना. म्हणजे रोग्याच्या जेवणाच्या आणि रोग्याच्या झोपेच्या हिशेबाने. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ मध्ये लिहिलेल्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये तर रोग्याची झोप मोडू न देणं ही चांगल्या शुश्रूषेची पहिली अट मानली आहे.

मग घड्याळ आलं कधी? ३० जुलै १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर सही केली. वृद्धांच्या आणि गरिबांच्या उपचाराला सरकारी पैसा मिळू लागला आणि नर्सिंग होम हा मोठा धंदा झाला. पैसा सरकारी म्हटल्यावर नोंदी आल्या, तपासनीस आले. कामाच्या पाळ्या साधारण सात ते तीन, तीन ते अकरा आणि अकरा ते सात. तीन ते अकराच्या पाळीत रात्रीचं जेवण, कपडे बदलणं, माणसांना अंथरुणावर नेणं आणि गोळ्या, सगळंच. गोळ्या ढकलगाडीवरून निघायच्या. महिन्याभराच्या गोळ्या एका पुठ्ठ्यावर फोडांमध्ये बंद करून येऊ लागल्या, त्याला तिथे 'बिंगो कार्ड' म्हणतात. नोंदीचा कागद म्हणजे चौकटींचा तक्ता, डावीकडे औषध, शेजारी तास. आता 'झोपताना' कुठल्या तासाला लिहायचं? जेवण आटोपल्यावर आणि पाळी बदलण्याआधी बसेल असा तास म्हणजे नऊ. केंद्रीय नियमांत नऊ हा आकडा कुठेही नाही. तो पाळीच्या सोयीचा आकडा आहे. तक्त्यातला तास पुढे सॉफ्टवेअरमध्ये आला आणि माझ्या कॉन्स्टंटमध्ये येऊन बसला.

इथपर्यंत मला हे गमतीचं वाटत होतं. पुढचं वाचल्यावर गंमत गेली.

क्लोरप्रोमाझिन हे औषध अमेरिकेत १९५४ मध्ये आलं, व्हॅलियम १९६३ मध्ये. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांना संध्याकाळ झाली की अस्वस्थ वाटतं, ते फिरत राहतात, घरी जायचंय म्हणतात. पाळीवर माणसं कमी. अशा वेळी संध्याकाळची गोळी कुणाच्या सोयीची असते हे सांगायला नको. वेन रे आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये टेनेसी राज्यातल्या मेडिकेडवरच्या नर्सिंग होम रहिवाशांचा अभ्यास छापला. त्यातल्या ४३ टक्के लोकांना मनोविकारावरची तीव्र औषधं दिली गेली होती. याच रे यांनी १९८७ मध्ये दाखवलं की शरीरात बराच काळ टिकणाऱ्या झोपेच्या औषधांमुळे आणि या तीव्र औषधांमुळे म्हाताऱ्या माणसांत खुब्याचं हाड मोडण्याचा धोका वाढतो. कारण समजायला डॉक्टर असायची गरज नाही. नऊची गोळी रात्री दोनला अंगात असते, आणि दोनला बाथरूमला जायचं असतं.

२२ डिसेंबर १९८७ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्यात नर्सिंग होम सुधारणा आल्या. शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी माणसाला पट्ट्याने बांधायचं नाही आणि औषधानेही बांधायचं नाही. १९९१ मध्ये मार्क बीअर्स यांनी वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती आज जगभर वापरतात. सुरुवातीला ती खास नर्सिंग होमसाठीच होती.

आता येतो माझा लाल चौकोन. केंद्रीय नियम सांगतो की औषध देण्यातल्या चुकांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली हवं. त्यात वेळेची चूकही धरतात, एक तास मागे-पुढे झाला तर. आता साधं गणित करा. एका नर्सकडे ३० माणसं आणि प्रत्येकाला ५ मिनिटं धरली (गिळता न येणाऱ्याला गोळी कुटून द्यायची तर ५ पुरत नाहीत), तर १५० मिनिटं झाली. आठ ते दहा म्हणजे १२० मिनिटं. म्हणजे कुणीही आळस न करता कुणाचा तरी चौकोन लाल होणारच. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळे जॉब एकाच वेळेला लावलेत आणि प्रोसेसर एकच.

पण तपासनिसांसाठीच्या सूचना मूळातून वाचल्या तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. त्यात लिहिलंय की तासाभराचा फरक चूक म्हणून तेव्हाच मोजा, जेव्हा त्या उशिराने माणसाला त्रास होऊ शकतो किंवा त्याच्या तब्येतीला धोका असतो. पार्किन्सनचं औषध एक तास उशिरा गेलं तर माणूस आखडतो, ते मोजा. कोलेस्टेरॉलची गोळी तशी नाही. म्हणजे कायद्याने ठेवलेली ही 'पण' आम्ही कोडमध्ये गाळली होती. आमचा चौकोन कायद्यापेक्षा कडक होता!

हॉस्पिटलांचाही असाच अनुभव. तिथे अर्ध्या तासाच्या आत औषध देण्याचा नियम होता. परिचारिकांनी तक्रारी केल्या की धावपळीने चुका वाढतात, आणि २०११ मध्ये तो बदलून वेळेला बांधलेली औषधं आणि बाकीची औषधं असे गट पाडायला सांगितले. कॅनडात तर नर्सिंग होममधल्या ७७६ रहिवाशांवर प्रयोग झाला, रक्तदाबाच्या गोळ्या सकाळऐवजी झोपताना दिल्या तर काय होतं याचा. २०२५ मध्ये निकाल छापला गेला: ना मोठा फायदा, ना तोटा. आणि त्या ९१ वर्षांच्या बाईंची गोळी? सिमव्हास्टॅटिन. यकृत कोलेस्टेरॉल रात्री जास्त तयार करतं आणि हे औषध शरीरात फार टिकत नाही, म्हणून लेबलवर 'संध्याकाळी' असं लिहिलेलं असतं. संध्याकाळी. नऊ वाजता नव्हे. सहाच्या जेवणाबरोबर ती खुशाल चालली असती.

२०१६ च्या केंद्रीय नियमावलीत रहिवाशाला स्वतःची झोपण्या-उठण्याची वेळ ठरवण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलाय. लॅटिन चिठ्ठीत जे गृहीत होतं ते परत कायद्यात लिहावं लागलं.

हे सगळं मी टीमपुढे मांडलं. पुढच्या रिलीझमध्ये कॉन्स्टंट गेला. आता प्रत्येक रहिवाशाच्या नावापुढे झोपेच्या वेळेचा रकाना आहे आणि लाल चौकोन फक्त वेळेला बांधलेल्या औषधांना. त्या बाईंची गोळी त्यांच्या डॉक्टरांनी जेवणाबरोबर केली, हे नर्सबाईंनीच पुढच्या एका फोनवर सांगितलं.

फक्त एक गोष्ट राहिली. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म सेव्ह होत नाही, म्हणून आम्ही त्यात आधीच एक आकडा भरून ठेवला. एकेका माणसाला विचारून तो बदलायला पाळीवर वेळ कुणाला असतो? परवा मी सहज डेटा उघडून पाहिला. बहुतेकांच्या नावापुढे अजूनही २१:०० च आहे.