पेटींतला माणूस

इ. स. १७७० मध्यें व्हिएन्ना येथील शेनब्रुन राजवाड्यांत सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्यापुढें एक लाकडी पेटी चाकांवरून ढकलीत आणण्यांत आली. पेटीमागें तुर्की पेहरावाचा, डोक्यास पागोटें असलेला एक पुतळा बसविला होता, आणि त्याच्यापुढें बुद्धिबळाचा पट मांडला होता. वोल्फगांग फॉन केंपेलेन या हंगेरियन अधिकाऱ्यानें पेटीचीं दारें एकामागून एक उघडून, मेणबत्ती धरून, आंतलीं दांत्यांचीं चाकें दरबारास दाखविलीं. मग दारें लावून त्यानें किल्ली दिली, आणि पुतळा डाव्या हातानें मोहरीं उचलून दरबारी मंडळींवर मात करूं लागला.

हा तुर्क पुढें ऐंशींहून अधिक वर्षें युरोप-अमेरिकेंत मिरवला. १८०९ मध्यें खुद्द नेपोलियन त्याच्यापुढें बसला आणि हरला. आंत अर्थातच माणूस होता. तो सरकत्या बैठकीवर बसे. एका बाजूचें दार उघडलें कीं दुसरीकडे सरके. मोहऱ्यांच्या तळाशीं लोहचुंबक असत. त्यांच्या ओढीनें पटाखालच्या धातूच्या चकत्या हालत, आणि तेवढ्यावरून वरची खेळी त्याला समजे. त्याच्याजवळच्या मेणबत्तीचा धूर पुतळ्याच्या पागोट्यांतून बाहेर जाई. मालक बदलले तसे आंतले खेळाडूहि बदलले, आणि त्यांत कांहीं नाणावलेले होते. टाळ्या मात्र नेहमीं लाकडाला मिळाल्या.

१८३६ मध्यें एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकानें आंत माणूसच असला पाहिजे असें लेख लिहून प्रतिपादन केलें. त्याच्या कारणांपैकीं एक असें कीं, हें खरें यंत्र असतें तर तें प्रत्येक डाव जिंकतें; तुर्क क्वचित् हरतो, म्हणून तो यंत्र नव्हे. उत्तर बरोबर आणि रीत चूक, असा हा गणिताच्या वहींत नेहमीं आढळणारा प्रकार आहे. यंत्रास शिकवावयाचें तर त्याला आधीं पुष्कळदां चुकूं द्यावें लागतें, हें कळावयास पुढें शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

१८२० मध्यें लंडन येथें तुर्काकडून हरलेल्यांत चार्ल्स बॅबेज हा तरुण गणिती होता. त्या पराभवांतूनच त्याला गणनयंत्र सुचलें असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु दोनच वर्षांनीं त्यानें अशा एका यंत्राचा छोटा नमुना तयार केला, आणि १८३४ पासून तो छिद्रें पाडलेल्या पत्त्यांच्या आज्ञेनें वाटेल तें गणित करणाऱ्या एका मोठ्या यंत्राच्या मागें लागला. तें कधींच पुरें झालें नाहीं. त्याच्यावर एडा लव्हलेस या विदुषीनें १८४३ मध्यें ज्या टिपा लिहिल्या त्यांत दोन विधानें आहेत. स्वरांचे परस्परसंबंध नियमांत बसवितां आले तर हें यंत्र संगीतहि रचील, हें एक. यंत्र आपण होऊन कांहीं निर्माण करूं पाहत नाहीं, आपल्याला जें सांगतां येतें तेवढेंच तें करील, हें दुसरें. जगानें दुसरें पाठ केलें आणि पहिलें विसरून टाकलें.

१९५० मध्यें ॲलन ट्युरिंग यानें या दुसऱ्या विधानास उत्तर दिलें. यंत्रें आपल्याला वारंवार चकित करतात, असें तो म्हणाला. शिवाय माणसाचें तथाकथित नवें कामहि कोणी तरी पेरलेल्या बीजांतूनच उगवलें नसेल कशावरून? या प्रश्नाचें उत्तर सोपें नाहीं.

मे १९९७ मध्यें न्यूयॉर्क येथें डीप ब्ल्यू या संगणकानें जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनीं हरविलें. हा संगणक सेकंदास सुमारें २० कोटी स्थिति तपाशी. दुसऱ्या डावांतला त्याचा संयम पाहून कास्पारोव्हला संशय आला कीं आंतून कोणी माणूस खेळत असावा! तुर्काला लोक यंत्र समजले. खऱ्या यंत्रांत माणूस दिसूं लागला.

हा संशय त्या डावापुरता खरा नव्हता. पण एका निराळ्या अर्थानें पेटी अजूनहि रिकामी झालेली नाहीं. ॲमेझॉन कंपनीनें २००५ मध्यें, यंत्राला न जमणारीं बारीक कामें दूरदूरच्या माणसांकडून थोड्या मोबदल्यांत करून घेण्याची सोय काढली, आणि तिला या तुर्काचेंच नांव दिलें. यंत्रांना चित्रें ओळखावयास शिकविणाऱ्या इमेजनेट संग्रहांतल्या १ कोटीहून अधिक चित्रांना नांवें देण्याचें काम या सोयीमार्फत हजारों माणसांनीं केलें. आज गद्य-पद्य लिहून देणारीं यंत्रेंहि माणसांनीं लिहिलेल्या अफाट मजकुरावर वाढलेलीं आहेत, आणि त्यांचीं उत्तरें बरीं कीं वाईट हें ठरवून त्यांना वळण लावणारींहि पुष्कळशीं माणसेंच होतीं. या माणसांचीं नांवें कोठेंहि छापलेलीं नसतात.

पण एवढ्यावरून सारें श्रेय पेटींतल्या माणसाला देऊन मोकळें होतां येत नाहीं. मार्च २०१६ मध्यें सोल येथें आल्फागो हें यंत्र ली सेडोल या कोरियन खेळाडूशीं गो नांवाचा खेळ खेळलें. १९ उभ्या व १९ आडव्या रेषांच्या पटावर काळे-पांढरे खडे मांडण्याचा हा प्राचीन चिनी खेळ आहे. दुसऱ्या डावांतली यंत्राची ३७ वी खेळी जाणकारांना प्रथम चूकच वाटली. माणसानें ती खेळण्याचा संभव दहा हजारांत एक, असा यंत्राचाच हिशेब होता. तरीहि तें ती खेळलें आणि जिंकलें. ही खेळी माणसांच्या डावांतून उचललेली नव्हती. पुढल्याच वर्षीं आल्फाझीरोनें तर माणसांचा एकहि डाव न पाहतां, केवळ नियम घेऊन, स्वतःशींच कोट्यवधि डाव खेळून बुद्धिबळ शिकून घेतलें. मात्र पटावर कोण जिंकला हें नियमच सांगतात. कविता साधली कीं फसली हें सांगणारा असा नियम कोणीं केलेला नाहीं. तेथें पुन्हा वाचकाकडेच यावें लागतें.

सोल येथील चौथ्या डावांत, तीन डाव हरलेल्या लीनें ७८ वी खेळी खेळली. तिचा संभवहि यंत्राच्या हिशेबानें दहा हजारांत एकच होता. त्यानंतर यंत्राचा तोल गेला आणि लीनें तो डाव जिंकला. सामना तो ४-१ असा हरला. नोव्हेंबर २०१९ मध्यें त्यानें व्यावसायिक खेळांतून निवृत्ति घेतली, आणि आपण कितीहि वर पोंचलों तरी एक अजिंक्य प्रतिपक्षी उरतोच, असें कारण दिलें.