औषध एकीला, आजार दोघांना

मुंबईत १८७० साली सांसर्गिक रोगांचा कायदा लागू झाला, तेव्हा मढ मुंबईत नव्हतेच. साष्टीच्या पश्चिम टोकाचे ते कोळ्यांचे गाव ठाणे जिल्ह्यात मोडत असे; बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली ती १९५७ साली. कायदा खाडीपलीकडे पोहोचला नाही, त्यामागची नजर मात्र सगळीकडे पोहोचली. गोरे शिपाई आणि खलाशी गरमी-परम्यापासून वाचावेत म्हणून वेश्यांची नोंद ठेवायची, त्यांना सक्तीने तपासायचे, आजारी निघाल्यास लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगांच्या इस्पितळात, डांबायचे, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषाला विचारायचेही नाही, असा तो सारा कारभार. १८७२ मध्ये तो बंद पडला, १८८० मध्ये पुन्हा सुरू झाला आणि १८८८ मध्ये कायमचा गेला. त्यातल्या अन्यायाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. माझा मुद्दा त्याहून रोकडा आहे: जोडीतल्या एकालाच तपासण्याची ही पद्धत वैद्यकाच्या हिशेबातही तोट्याची होती, आणि कायदा जाऊनही ती आपल्या दवाखान्यांत टिकून राहिली.

हा तोटा सर्वांत स्पष्ट दिसतो तो ट्रायकोमोनास या परजीवीत. आल्फ्रेड दोने यांनी १८३६ साली पॅरिसमध्ये तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, पण पुढे शंभरेक वर्षे तो निरुपद्रवीच समजला गेला. माणसाखेरीज त्याला दुसरे घर नाही, आणि तो पसरतो मुख्यतः शरीरसंबंधातूनच. बाईला अंगावरून पिवळसर-हिरवट, वास येणारे पाणी जाते, खाज सुटते, लघवीला जळजळ होते. पुष्कळ जणींना तर काहीच जाणवत नाही. पुरुषाच्या मूत्रमार्गात तो बहुधा गुपचूप राहतो. १९५९-६० मध्ये फ्रान्समधून मेट्रोनिडाझोल आले आणि पोटात घेण्याच्या गोळीने हा रोग बरा होऊ लागला. साठेक वर्षे स्वस्त औषध हाताशी असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० साली जगात सुमारे १५.६ कोटी नवी लागण झाली. औषध निकामी ठरण्याची उदाहरणे आहेत, पण थोडी. बरी झालेली बाई त्याच नवऱ्याकडून पुन्हा आजारी पडते, हे कारण फार मोठे आहे.

आपल्याकडे या दुखण्यांचा पसारा पुढे आला तो गडचिरोलीतून. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांना, तक्रार असो वा नसो, तपासले. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे सगळे रोग ट्रायकोमोनासचे नव्हते, संभोगातून आलेलेही नव्हते. पण रोग ‘तसल्या’ बायकांचा, घरंदाज बाईचा नव्हे, हा समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही. मढसारख्या गावाबद्दल बोलताना हे विशेष लक्षात ठेवावे. दर्यावर दिवसेंदिवस राहणाऱ्या खलाशांवर बोट ठेवणे सोपे, पण ती जुन्या कायद्याचीच नजर, फक्त माणूस बदललेला.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. अंगावर पांढरे जाण्याची कारणे अनेक. बुरशी किंवा योनीतल्या जंतूंचा बिघाड असेल, तर नवऱ्याला गोळ्या कशाला? गुप्तरोगांवरील उपचारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने २००७ साली हेच धोरण ठेवले: बाईला हिरवे पाकीट, म्हणजे सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, जोडीदाराला त्रास असेल किंवा बाईला गुण आला नाही, तरच त्याला औषध. सरसकट औषध वाटण्यापेक्षा हे शहाणपणाचे, पण त्रास नसलेला पुरुष हाच तर या परजीवीचा आसरा. म्हणून तपासणीला पर्याय नाही. स्रावाचा थेंब काचपट्टीवर घेऊन लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर परजीवी वळवळताना दिसतो. थेंब गार झाला की हालचाल मंदावते आणि तो नजरेतून सुटतो. या सोप्या तपासणीत कितीतरी रुग्ण निसटतात, तेव्हा जनुकीय चाचणी मिळेल तिथे तीच बरी. निदान पक्के झाले, की दोघांनाही औषध, उपचार पुरा होईपर्यंत संबंध बंद, पुढे निरोधाचा वापर आणि तीन महिन्यांनी बाईची फेरतपासणी. दुसरा आक्षेप घरातला: नवऱ्याला सांगितले तर मार बसेल, संशय येईल. ही भीती खोटी नाही, म्हणून कोणाला, कसे सांगायचे ते बाईनेच ठरवावे. लागण महिनोन्महिने गुप्त राहू शकते, त्यामुळे ती कोणी आणली हे तपासणीतून कळत नाही, एवढे तरी डॉक्टरांना दोघांना समोर बसवून सांगता येते.