‘संमतिवय’ या शब्दाची कुळकथा

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या न्यायालयात अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराची फिर्याद उभी राहते, तेव्हा दप्तरात प्रथम शोध होतो तो तिच्या वयाच्या दाखल्याचा. कारण अठरा वर्षे पुरी झालेली नसतील, तर तिने होकार दिला होता काय, हा प्रश्न कायदा विचारीतच नाही. या अठराच्या आकड्यामागे उभ्या असलेल्या ‘संमतिवय’ या शब्दाचे कूळ शोधू लागल्यास त्यातील एक मोलाचा अध्याय अमरावतीच्या एका वकिलाच्या नावावर आढळतो, आणि वऱ्हाडाने तो विसरू नये असे मला मनापासून वाटते.

१८६० च्या दंडसंहितेने ही मर्यादा दहा वर्षांवर ठेविली होती. १८९० च्या सुमारास कलकत्त्यात एक बालवधू पतीने केलेल्या संभोगामुळे दगावली, तरी तिने दहावे वर्ष ओलांडले होते एवढ्या एका कारणास्तव पतीवर बलात्काराचा आरोप टिकू शकला नाही. तेव्हा १८९१ च्या जानेवारीत सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले आणि मार्चात ते मंजूर होऊन मर्यादा बारावर गेली. परकीय सरकारने धर्माचारात हात घालू नये हा टिळकांचा आग्रह, आगरकरांनी सुधारणेचा केलेला निर्भय पुरस्कार आणि भांडारकरांनी पुढे केलेला शास्त्राधार यांच्या संघर्षातून हा शब्द महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाला. मात्र जिच्या वयाचा हा हिशेब चालला होता, तिचा आवाज त्या गदारोळात क्वचितच ऐकू आला.

१९२५ साली मर्यादा चौदावर आणि पत्नीच्या बाबतीत तेरावर आली. मग १९२८ मध्ये सरकारने या प्रश्नाच्या चौकशीसाठी समिती नेमली, आणि तिचे अध्यक्षपद अमरावतीत वकिली करून नावारूपास आलेले, नेमस्त पक्षाचे पुढारी आणि मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कार्यकारी मंडळाचे माजी गृहसदस्य सर मोरोपंत विश्वनाथ जोशी यांच्याकडे आले. रामेश्वरी नेहरू आणि डॉक्टर बीडन या दोन स्त्रियाही जीत सभासद होत्या, त्या समितीने प्रांतोप्रांती साक्षी घेऊन १९२९ मध्ये शिफारस केली की, मुलीचा विवाह चौदाच्या आत होऊ नये, संमतिवय पत्नीसाठी पंधरा व इतरांसाठी अठरा असावे, आणि जन्म व विवाह यांची नोंद बिनचूक ठेविली जावी. त्याच वर्षी शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाची मर्यादा चौदावर आणली. परंतु पत्नीसाठीचे पंधराचे वय कायद्यात यायला १९४९ उजाडले आणि इतरांसाठीचे अठराचे यायला २०१२! पत्नीच्या बाबतीत अठराची मर्यादा तर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेच आली.

समितीचीही एक मर्यादा प्रांजळपणे सांगितली पाहिजे. अल्पवयीन पत्नीवरील अत्याचाराला बलात्कार न म्हणता निराळे, सौम्य नाव द्यावे असे तिने सुचविले होते. आणि सज्ञान पत्नीच्या संमतीला बलात्काराच्या व्याख्येत अद्यापही स्थान मिळालेले नाही.

संमतिवयातील ‘वय’ असे पुढे सरकत असता ‘संमती’चा अर्थ विदर्भाच्याच पूर्व टोकाला कसोटीस लागला. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात, अंगावर जखमा नाहीत व प्रतिकाराची खूण नाही, अशा कारणांवरून सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून, मुकाट सहन करणे म्हणजे संमती नव्हे, हा भेद देशापुढे ठेविला. त्यातून उठलेल्या चळवळीने १९८३ ची दुरुस्ती घडविली, आणि २०१३ च्या दुरुस्तीने संमती म्हणजे स्वेच्छेने दिलेला निःसंदिग्ध होकार अशी व्याख्या करून, केवळ प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येणार नाही, हे स्पष्ट केले.

अशा रीतीने, पूर्वी जो शब्द मुलीच्या देहावर वर्षांची खूण करून थांबत असे, तो अखेरीस तिच्या मुखापर्यंत येऊन पोहोचला. तिची फिर्याद स्त्री-अधिकाऱ्यानेच नोंदवावी, हा २०१३ चा दंडकही त्याच वाटेवरचा आहे. वऱ्हाडातील लहानांत लहान ठाण्यातही तो निरपवादपणे पाळला जावा. कारण तिची जबानी तेथे आदराने ऐकली गेली नाही, तर सव्वाशेहून अधिक वर्षांच्या खटाटोपाने तिच्यापर्यंत आलेला हा शब्द ठाण्याच्या उंबरठ्यावरच मुका होईल.